अळ्यांचा तक्ता आणि कामनानचे बूट

माणसाचं डोकं त्याच्या स्वतःच्या पायांच्या वर असावं, ही व्यवस्था निसर्गानं करून ठेवली आहे आणि तीत सहसा चूक होत नाही. एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायांच्या वर असावं की खाली, हे मात्र निसर्गानं माणसांवर सोडलं, आणि माणसांनी कचेरीवर. तेव्हापासून तीत चुकीशिवाय काही होत नाही.

आमच्या भागातली कचेरी तशी कामसू. आठ गावांचा कारभार तिच्याकडे. दोन मजले, चार थंड हवेची यंत्रं (त्यांतली दोन थंड), आणि फाटकावर हा एवढा लांब प्लास्टिकचा फलक. फलकावर दर महिन्याला नवं काहीतरी छापून येतं. वाहन जपून चालवा, दारू सोडा, अमक्या साहेबांचं हार्दिक स्वागत. जुना फलक कोणी टाकून देत नाही, तो डुकरांच्या गोठ्यावर छप्पर म्हणून जातो. म्हणून आमच्याकडची डुकरं बहुतेक सगळ्या साहेबांना तोंडावळ्यानं ओळखतात.

या कचेरीत आरोग्याचं काम बघायला बीम नावाची पोरगी नेमली गेली. ती डॉक्टर नव्हे, पण आमच्याकडे आरोग्याच्या टेबलामागे जो बसेल त्याला लोक डॉक्टरच म्हणतात. तिच्याकडे डासांच्या अळ्यांचा हिशोब होता. प्रत्येक गावातल्या आरोग्यसेविका हातात विजेरी घेऊन घरोघर फिरतात, पाण्याच्या रांजणात वाकून बघतात, मुंग्या चढू नयेत म्हणून जाळीच्या कपाटाच्या पायांखाली ठेवलेल्या वाट्यांत बघतात, कुंड्यांखालच्या ताटल्यांत बघतात. शंभरातल्या जितक्या घरांत अळ्या, तितका त्या गावाचा आकडा. आकडा जितका लहान, तितकं गाव चांगलं. (हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे ते कोणाच्याच लक्षात राहत नाही.)

आकडे दर महिन्याला वरच्या कचेरीत जात होते आणि कोणी ते वाचत नव्हतं, म्हणजे सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात वरच्या कचेरीनं बीमला प्रशिक्षणाला बोलावलं. तिथं तिला शिकवलं गेलं की संगणकातल्या आलेखात रेघेवर जे टिपके असतात, त्या टिपक्यांच्या जागी आपल्या आवडीचं चित्र बसवता येतं. चित्र उचलायचं, टिपक्यावर टिचकी मारायची, चिकटवायचं. एकदा चिकटवलं की त्या रेघेवरच्या सगळ्या टिपक्यांवर तेच चित्र येऊन बसतं. शिकवणाऱ्या साहेबांनी आंब्याच्या पिकाच्या आलेखावर आंबे चिकटवून दाखवले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सभागृहात एकालाही आकडे आठवत नव्हते, आंबे मात्र सगळ्यांना आठवत होते. याला परिणामकारक मांडणी म्हणतात.

बीमनं परत आल्यावर आठ गावांच्या आठ रेघांवर आधी डास चिकटवले. फलक लागला. आठ रेघा, सगळीकडे डास. त्यापुढे उभं राहून कामनाननं (कामनान म्हणजे आठ गावांच्या पाटलांवरचा पाटील) कमरेवर हात ठेवून विचारलं, "यातला माझा डास कुठला?" प्रश्न रास्त होता. बीमनं ठरवलं, पुढच्या महिन्यापासून डासाऐवजी त्या त्या गावच्या जबाबदार माणसाचा फोटो.

सात गावांनी आपापल्या पाटलाचा फोटो दिला. नोंगकुंग गावचा पाटील हुशार. तो म्हणाला, "अळ्या खामपुन मावशी बघते. फोटो तिचाच लावा." अशी माणसं आयुष्यात कधी कुठल्याच फोटोत सापडत नाहीत आणि सुखानं मरतात.

खामपुन मावशी ही नोंगकुंगच्या आरोग्यसेविकांची म्होरकी. शाळेत ती जेमतेम बसली होती, पण गावाला गप्प बसवण्यात तिचा हात कोणी धरला नसता. तिच्या हातात विजेरी असे, पण खरं काम तिची जीभ करी. कोणाच्या रांजणावर झाकण नसलं, की ती त्या घरच्या सुनेपासून सुरुवात करून सासूच्या माहेरापर्यंत पोचत असे. लोक झाकणं लावत ते डासांच्या भीतीनं नव्हे. तिनं रांजणांत अळ्या खाणारे पिटुकले मासे सोडले होते, आणि ते मासेही वेळेवर खात असत. नोंगकुंगचा आकडा तीन. कधी कधी दोन. आठ गावांत असा आकडा कोणाचा नव्हता, आणि ही गोष्ट ती बाजारात वांगी घेतानासुद्धा बोलण्यात आणत असे.

आता कामनानचं. कामनान थोंगदी हा दोनयाय गावचा. तिथले लोक प्रेमळ, झोपाळू आणि डासांशी सलोख्यानं राहणारे. आकडा एक्केचाळीस. फोटो द्यायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांनी ओळखपत्रावरचे फोटो दिले, गळ्यापर्यंत. कामनाननं डोक्यापासून पायापर्यंतचा दिला: पांढरा सरकारी गणवेश, टोपी, छातीवर बिल्ले, आणि खाली चकाकणारे काळे बूट. का, तर बिल्ले गळ्याच्या खाली असतात.

बीमनं मान म्हणून कामनानचा फोटो सर्वांत शेवटी चिकटवला. संगणकाची एक रीत आहे, जो शेवटी येतो तो सगळ्यांच्या अंगावर छापला जातो. (माणसांतही आहे.) त्यामुळे मधल्या गावांचे सहाही पाटील कामनानच्या पँटीमागे गेले आणि दिसेनासे झाले. दिसायला दोघंच उरली. वर कामनान, आणि त्याच्या बुटांच्या बरोब्बर खाली खामपुन मावशीचं डोकं. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत. बारा महिने, बारा कामनान, बारा जोड बूट, आणि त्यांखाली बारा वेळा तीच बाई, केस नीट विंचरलेली, किंचित हसत.

मावशी फलक बघायला नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून गेली. नवरा, बुनसोंग, हा कमी बोलणारा माणूस. त्याच्या वाट्याचं बोलणं लग्नाच्या वेळीच तिच्याकडे गेलं होतं. तो बराच वेळ फलकाकडे बघत राहिला.

"बरी दिसतेस," तो म्हणाला.

"कुठे आहे मी?"

"खाली बघ."

तिनं खाली बघितलं. मग वर बघितलं. मग आत गेली. आत जाताना तिनं चपला इतक्या जोरात काढल्या, की एक बीमच्या टेबलाखाली सापडली.

"पोरी, हे काय आहे?"

"मावशी! अभिनंदन! तुमचं गाव पहिलं आलं."

"मग मी त्या थोंगदीच्या बुटाखाली का?"

"खाली म्हणजेच चांगलं ना मावशी. आकडा कमी, म्हणून..."

"तुझ्या आजीचा फोटो घरात कुठे लावलाय?"

"वर. भिंतीवर. बुद्धाच्या थोडा खाली."

"आणि चपला कुठे ठेवता?"

याचं उत्तर आलेखात नव्हतं, पण ते आमच्याकडे दुधपित्या पोरालाही ठाऊक असतं. कोणी कोणाच्या डोक्याकडे पाय करत नाही. शिडीवर चढायचं तर खाली बसलेल्या म्हाताऱ्याची माफी मागतात. त्यात मावशी कामनानपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तो तिला ताई म्हणतो. ताईच्या डोक्यावर बूट, तेही सरकारी खर्चानं.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या फाटकासमोर कच्च्या पपईची कोशिंबीर कुटणारी बाई उखळात मिरच्या टाकता टाकता म्हणाली, "मावशी, मिरच्या किती घालू? डोकं जड असेल ना आज, वर वजन आहे म्हणून विचारलं." आणि बाकावर बसलेला एक पोक्त म्हातारा म्हणाला, "बूट फार चकाकतात बाई कामनानचे. खालून पुसायला माणूस आहे वाटतं." मावशीनं कोशिंबीर घरी नेली आणि नवऱ्याला वाढली. त्याला ती तिखट लागली, पण त्यानं तसं म्हटलं नाही.

तेव्हापासून तिच्या आयुष्याला एकच काम उरलं. त्या बुटांखालून आपलं डोकं बाहेर काढायचं.

फोटोच काढून टाका, असं बुनसोंगनं सुचवून पाहिलं. "आणि तिथे राहील पांढरी जागा," ती म्हणाली. "लोक म्हणतील, बूट पडला आणि बाई चिरडली. नको."

मग रीतसर सभा झाली. सभेत कामनान हसतमुख होता. "ताई," तो म्हणाला, "मला काही त्रास नाही हो. माझ्या पायाला काही टोचत नाही."

"थोंगदी, तुझ्या रांजणात एवढा वंश वाढला," मावशी म्हणाली, "आणि बाळांच्या मनगटाला शुभाचा दोरा बांधायला आम्हाला बोलावलंसुद्धा नाहीस?"

यानंतर सभेचं कामकाज सुरू झालं. त्याचा वृत्तांत कचेरीच्या भाषेत असा:

एक. फोटोतील व्यक्ती ही तिच्या आकड्यापेक्षा ज्येष्ठ आहे, हे सभा एकमतानं मान्य करते.

दोन. आलेख उलटा करून शून्य वरच्या बाजूस न्यावं, अशी सूचना डॉ. बीम यांनी मांडली. तसं केल्यास नोंगकुंग शिखरावर जाईल व कामनानसाहेब तळाशी जातील, ही तांत्रिक अडचण कामनानसाहेबांनी निदर्शनास आणली. सूचना तांत्रिक कारणास्तव अमान्य.

तीन. अळ्या असलेल्या घरांऐवजी अळ्या नसलेली घरं मोजावीत, अशी दुसरी सूचना. तीच अडचण, दुसऱ्या बाजूनं. अमान्य.

चार. आलेखात देवळाचाही समावेश व्हावा, ही जुनी मागणी. परंतु मठाधिपतींचा फोटो कामनानसाहेबांच्या वर असणं शिष्टाचारानं आवश्यक, आणि देवळातले रांजण तर स्वच्छ. भिक्षूंना अळ्या वाढवण्याची विनंती करणं सभेस प्रशस्त वाटलं नाही. देऊळ वगळावं.

पाच. खाऊची पाकिटं वाटण्यात आली. (हा ठराव तत्काळ अमलात आला.)

सभेतून न्याय मिळत नाही हे मावशीला ठाऊक होतंच, पण सभेशिवाय मिळाला तर तो कोणी मानत नाही, म्हणून ती गेली होती. आता तिनं स्वतःचा उपाय केला. बाजारातल्या फोटोवाल्याकडे गेली. हा फोटोवाला संगणकावर कोणाचंही डोकं कोणाच्याही गणवेशावर बसवून देत असे. निम्म्या गावाच्या भिंतींवर त्याच्यामुळे पदवीधर मुलं टांगलेली आहेत.

"मला लांब फोटो पाहिजे," मावशी म्हणाली.

"लांब म्हणजे?"

"उंच. डोकं वर जाईल असा."

फोटोवाल्यानं विचार केला. "मावशी, तुम्हाला सुपारीच्या झाडावर बसवू?"

"झाड खरं आहे ना? खोटं नको."

पुढच्या महिन्याच्या फलकावर सुपारीचं एक झाड आलं आणि त्याच्या शेंड्यात मावशी. पण संगणकात चित्राचा मध्य आकड्यावर बसतो, त्यामुळे निम्मं झाड शून्याच्या खाली गेलं आणि महिन्यांची नावं फोडून बाहेर पडलं. तरी शेंडा कामनानच्या गुडघ्याशी पोचला. तिला एक महिना बरं वाटलं. पण कामनाननं लगेच पावसाच्या जत्रेत उडवतात त्या बांबूच्या अग्निबाणाशेजारचा फोटो दिला, आणि बाण गावाच्या मानानं मोठा होता. मग बाकीचे पाटील जागे झाले. एक पाण्याच्या टाकीवर आला, एक भाताच्या ट्रकवर, एकानं हत्ती भाड्यानं घेतला. त्या महिन्यात आलेखात रेघ सोडून सगळं होतं. आरोग्याविषयी लोकांमध्ये इतकी आस्था याआधी कधी दिसली नव्हती.

शेवटी बीमनं नियम काढला. सगळ्यांचे फोटो गळ्यापर्यंतच, एकाच मापाचे. अपवाद फक्त कामनानसाहेब, पदाचा विचार करता, पण बाण नको, पूर्वीचाच फोटो. म्हणजे पुन्हा ते बूट, आणि पुन्हा खाली ती.

त्या दिवशी मावशी बीमच्या टेबलापुढे बसली आणि शांतपणे म्हणाली, "त्याच्या टोपीच्या वर जायचं तर आकडा किती पाहिजे?"

बीमनं हिशोब केला. "पंचाहत्तर तरी. पण मावशी, पंचाहत्तर म्हणजे..."

"किती ते विचारलं. काय म्हणजे ते नाही विचारलं."

घरी बुनसोंगनं तोंड उघडलं, जे तो क्वचित करतो. "पंचाहत्तर लिहून टाक ना. बीम काय रांजणात डोकं घालायला येणार आहे?"

मावशीनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं उचललेला चिकटभाताचा गोळा परत टोपलीत ठेवला. "या हातानं मी आजवर खोटा आकडा लिहिला नाही. पंचाहत्तर लिहायचे, तर पंचाहत्तर घरांत अळ्या पाहिजेत. खऱ्या. जिवंत. वळवळणाऱ्या."

(इतकी सचोटी आता बघायला मिळत नाही. ती होती, तेव्हाही तिचा खर्च कोणी काढला नव्हता.)

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या भोंग्यावरून मावशीचा आवाज आला. "नोंगकुंगच्या लोकहो, ऐका. आजपासून रांजणावर झाकण दिसलं तर माझ्याशी गाठ आहे."

अर्धा गाव तिच्या अंगणात जमला. एक शेजारीण डोळे चोळत म्हणाली, "मावशी, बरं आहे ना तुला? गेल्या वर्षी झाकण जरा सरकलं होतं, तर माझ्या म्हशींसमोर मला बोललीस. त्या अजून माझ्याकडे नीट बघत नाहीत."

"तेव्हा चांगलं करायचं होतं."

"आणि आता?"

"आता वर जायचंय. तुझी मावशी एका पुरुषाच्या बुटाखाली बघवते का तुला?"

नाही, हे कोणालाच बघवत नव्हतं. नोंगकुंगमध्ये लाख दोष असतील, पण माणुसकी आहे. झाकणं निघाली. मासे बादल्यांत भरून ओढ्यात सोडले गेले. (ते जाताना मागे वळून बघत होते, असं म्हणणारे लोक आहेत.) पण डास हा प्राणी आज्ञेवर चालणारा नाही. पहिल्या पाहणीत आकडा कसाबसा अकरा. अळ्या वाढवाव्यात कशा, याची माहिती कुठल्याच सरकारी पत्रकात नव्हती. पण अळ्या टाळाव्यात कशा, याचं एक रंगीत पत्रक घरोघर पडून होतं. मावशीनं ते काढायला लावलं आणि एकेक ओळ उलटी पाळायला लावली. जुने टायर घराबाहेर काढा, म्हटलं होतं, ते सावलीत आणून ठेवले. फुलदाणीतलं पाणी आठवड्याला बदला, म्हटलं होतं, ते बदललं नाही. आरोग्यखात्याचं पत्रक लोकांनी शेवटच्या ओळीपर्यंत पाळलं, असं आमच्या भागात हे एकदाच घडलं.

आकडा चढू लागला. चोवीस. अडतीस. आणि इथे एक गोष्ट मावशीच्या हिशोबात राहून गेली होती. मधल्या आकड्यांवर मधली जागा, आणि मधल्या जागेवर कामनानची पँट. दोन महिने मावशी फलकावर दिसलीच नाही.

"मावशी हल्ली दिसत नाहीत कुठे?" पपईवाली म्हणाली.

"आहेत की," म्हातारा म्हणाला. "कामनानच्या पँटीमागे."

हे वाक्य बुनसोंगच्या कानावर गेलं. तो त्या संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "जे काय करायचं ते लवकर कर."

तिकडे दोनयायलाही कुणकुण लागली. कामनाननं आपल्या गावाला साद घातली. दोनयायला फार काही करावं लागलं नाही. ते जे करत नव्हते, तेच आणखी जोरानं न करू लागले. त्यांचा आकडा एकोणपन्नासवर गेला, टोपी आणखी वर. हे बघून बाकीच्या गावांनाही आपला पाटील पँटीमागे असल्याचं उमगलं, आणि आठही गावांत झाकणं निघाली.

आता आलेखातल्या सगळ्या रेघा वर चालल्या होत्या, आणि वर जाणारी रेघ बघून ज्याचं मन प्रसन्न होत नाही असा साहेब अजून जन्मायचा आहे. वरच्या कचेरीतून एक साहेब खास आले. फलकासमोर उभे राहून म्हणाले, "इतके चेहरे इतक्या उंचीवर मी दुसऱ्या कुठल्या भागात पाहिले नाहीत." त्यांनी बीमला प्रशस्तिपत्र दिलं, सगळ्यांनी अंगठे वर करून फोटो काढला. बीमनं अंगठा केला, पण अर्धाच. तिच्या हातात आणखी एक तक्ता होता, तापाच्या रुग्णांचा. तो तिनं साहेबांच्या पुढे धरलासुद्धा. पण त्यात चित्रं नव्हती, त्यामुळे तो कोणी पाहिला नाही.

पुढचा फलक लागला तेव्हा नोंगकुंगचा आकडा होता ब्याऐंशी. खरा. एकेक घर मावशीनं स्वतः वाकून बघितलेलं. त्या दिवशी सकाळपासून तिचं अंग मोडून आलं होतं, डोळ्यांच्या मागे कोणी मुसळ घालतंय असं होत होतं. बुनसोंग म्हणाला, आधी दवाखाना. ती म्हणाली, आधी फलक. मोटारसायकलवर तिनं त्याच्या पाठीवर कपाळ टेकलं, आणि कपाळ असं तापलं होतं, की त्यानं रस्त्यात दोनदा मागे वळून बघितलं.

फलकावर मागच्या महिन्यांत ती बुटांखाली होती, मग पँटीमागे. पण अगदी उजवीकडे, शेवटच्या महिन्यात, कामनानची टोपी होती, आणि त्या टोपीच्या वर, हनुवटी जरा उचलून, खामपुन मावशी. रस्त्यानं जाणारे थांबले. पपईवालीनं उखळातलं मुसळ सोडून दोन्ही हात जोडले. म्हातारा म्हणाला, "वा." कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मावशीनं सगळ्यांना नमस्कार केला आणि मग खाली बसली, कारण उभं राहवत नव्हतं.

जिल्ह्याच्या रुग्णालयात डासांच्या तापाचा वॉर्ड भरून वाहत होता. आठही गावं होती. मावशीला खाट मिळाली ती नेमकी कामनानच्या शेजारची. तो तीन दिवस आधी आला होता. पांढऱ्या गणवेशाऐवजी त्याच्या अंगावर मागून नाडीनं बांधायचा निळा झगा होता, बिल्ल्याऐवजी मनगटात सलाईनची सुई.

"ताई," तो क्षीण आवाजात म्हणाला, "फलकाचं कळलं. अभिनंदन."

"तुझी टोपी टोचते रे हनुवटीला," मावशी म्हणाली. तेवढं बोलायला तिला बराच वेळ लागला.

नर्स आली. आधी कामनानच्या कानाला यंत्र लावलं. "एकोणचाळीस पूर्णांक चार. अजून आहे हो ताप." कामनाननं मान जराशी वळवून शेजारच्या खाटेकडे बघितलं.

नर्सनं मावशीच्या कानाला यंत्र लावलं. "साडेअडतीस! उतरतोय मावशी. छान."

"पुन्हा बघ."

"अहो, उतरतोय, चांगलं आहे."

"चांगलं काय असतं ते मला सांगू नकोस. मी चांगलं बारा महिने भोगलंय. पुन्हा बघ."

बुनसोंग खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं तिचा पाय पांघरुणासकट धरला. "किती आकडा आला, म्हणजे तू घरी येशील?" त्यानं विचारलं.

"गप्प बस."

दोनयायची माणसं कोपरांवर टेकून उठली, नोंगकुंगची माणसं उशा सारून बसली. नर्सनं सुस्कारा टाकून यंत्र पुन्हा लावलं, आणि ते वाजलं.

साडेअडतीसच. त्यातही एक दशांश कमी.

कामनाननं डोळे मिटले, समाधानानं. मावशीनं तोंड भिंतीकडे केलं. बुनसोंग तेवढा हसला, पण त्याचं हसणं वॉर्डात कोणालाच आवडलं नाही.

आणि तुम्हाला? खरं सांगा, यंत्र वाजायच्या आधी तुम्हीही मनात एक आकडा धरलाच होता. एकोणचाळीस पूर्णांक चारच्या जरा वरचा. आजारी बाईचा ताप उतरला हे वाचून क्षणभर हळहळलात. त्याआधी फलकापुढे टाळ्या वाजल्या, तेव्हा ब्याऐंशी घरांत काय वळवळत होतं, हे तुम्हीही विचारलं नाहीत. लाजू नका, तुम्ही बहुमतात आहात. आणि ज्या कोणाला खरोखर, अगदी पहिल्यापासून, तो ताप उतरावा असंच वाटत होतं, त्यांनी आपला गळ्यापर्यंतचा एक फोटो कचेरीत नेऊन द्यावा. अशा लोकांचाही आलेख काढायचं चाललं आहे. त्यांची संख्या फार थोडी भरते, तेव्हा फोटो कुठे लागेल, हे वेगळं सांगायला नको.